ताटाच्या डाव्या बाजूचं मीठ

आजीला जांभूळ गावाजवळच्या वृद्धाश्रमात ठेवलं, त्याच्या पुढच्याच आठवड्यात माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं. त्या आठवड्यात मी घरात कुणाशी धड बोलत नव्हते. पप्पांनी विचारलं, चहा घेतेस का, तर मी म्हणायचे, तुम्ही घ्या. मम्मीने विचारलं, डबा भरू का, तर म्हणायचे, भरा. मम्मीला अहोजाहो करणं हे आमच्या घरात भांडणाचं लक्षण आहे.

आजी म्हणजे पप्पांची आई, चांगुणाबाई. मूळची नगरकडची. उल्हासनगरच्या दीड खोलीत तिने तीन मुलं वाढवली, आजोबा गेल्यावर मंगल कार्यालयांत पोळ्या लाटल्या, आणि एवढ्या सगळ्यात तिचं डोकं कधी जाग्यावरून हललं नाही. हललं ते आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये फ्लॅट घेतल्यावर. दिवाळीनंतर राहायला आलो आणि महिन्याभरात आजी दिवसा झोपायला आणि रात्री घरभर फिरायला लागली. हात थरथरायचे. भाकरी थापताना मध्येच थांबायची, पुढे काय करायचं ते आठवायचं नाही. एकदा मला म्हणाली, "बाई, तुम्ही कुणाच्या?" मी हसण्यावारी नेलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वय झालंय, या वयात जागा बदलली की माणूस बिथरतं, आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. तरुणपणी आजीला मोठी कावीळ झाली होती आणि तेव्हापासून तिचं लिव्हर अधू होतं. पण डोक्याचा आणि लिव्हरचा काय संबंध, असं समजून ते आम्ही त्यांना सांगितलंही नाही.

हे सगळं आम्ही निभावून नेलं असतं. पण मग आजीने नवीनच सुरू केलं. जेवायला बसली की दोन घास खायची आणि ताट सरकवायची. म्हणायची, सून मला विष घालते. आधी घरात म्हणायची, मग शेजारच्या काकूंना सांगायला लागली, आणि एक दिवस खाली जाऊन वॉचमनला म्हणाली की पोलीस बोलाव, वर मला मारायला टाकलंय. नवीन बिल्डिंग, नवीन शेजार. मम्मी लिफ्टमध्ये शिरली की बायका बोलायच्या थांबायला लागल्या.

माझी मम्मी, माया, ही काही सिरियलमधली सून नाही. सकाळी सगळ्यांचे डबे करून ती अंबरनाथला एका पॅकिंग कंपनीत जाते, संध्याकाळी येऊन परत ओट्याशी उभी राहते. सासूच्या उलट्या तिने काढल्या, चादरी तिने धुतल्या, आणि वर हे ऐकून घेतलं. वॉचमनचा प्रकार झाला त्या संध्याकाळी ती रडली नाही, फक्त पप्पांना म्हणाली, "एक तर आत्या इथे राहतील, नाहीतर मी." पप्पा पुढच्याच रविवारी आजीला रिक्षात घालून घेऊन गेले. मी दारात आडवी उभी राहिले होते, पण माझं कोण ऐकतं? आजीने जाताना माझ्याकडे बघितलंही नाही, कारण मी कोण आहे ते तिला त्या दिवशी माहीत नव्हतं.

तर अशा मनःस्थितीत मी प्रॅक्टिकलला उभी होते. आमचं कॉलेज अंबरनाथ पश्चिमेला. प्रयोग अगदी बाळबोध. वाळू, मीठ आणि डांबरगोळीची पूड यांचं मिश्रण वेगळं करायचं आणि कशाचं प्रमाण किती टक्के ते काढायचं. मिश्रण चिनी मातीच्या बशीत घेऊन तापवलं की डांबरगोळीची थेट वाफ होते, ती वर उपड्या ठेवलेल्या फनेलला जाऊन पांढरी चिकटते. मग उरलेल्यात पाणी घालायचं, मीठ विरघळतं, वाळू गाळून घ्यायची, पाणी आटवून मीठ परत मिळवायचं. तिन्ही वजनं करायची आणि भागाकार. दहावीतल्या पोरालाही जमेल.

आमच्या लॅबची एक रीत आहे. साधं मीठसुद्धा ऑर्डर देऊन मागवायचं तर कागदच सहा टेबलं फिरतो, म्हणून मीठ ज्याचं त्याने घरून पुडीत आणायचं. वाळू कॉलेजमागच्या बांधकामावरची, डांबरगोळ्या भगवंतमामा, म्हणजे आमचे लॅब असिस्टंट, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणतात. मीही सकाळी ओट्यावरच्या बरणीतलं मीठ कागदात बांधून आणलं होतं. दोन ग्रॅम वाळू, दोन ग्रॅम मीठ, एक ग्रॅम डांबरगोळी. उत्तर आधीच माहीत असतं: चाळीस, चाळीस, वीस. त्यामुळे निम्मा वर्ग पाच मिनिटं बशी तापवतो आणि आकडे घरून आणल्यासारखे लिहून टाकतो. माझ्या शेजारचा विनीत तर बर्नर पेटवायच्या आधीच टक्केवारी लिहून मोकळा होतो, आणि वर त्यात थोडी चूकही घालतो, खरी वाटावी म्हणून.

मला ते जमत नाही. प्रामाणिकपणा वगैरे नाही, माझा स्वभावच चेंगट आहे. धूर निघायचा थांबेपर्यंत बशी उतरवायची नाही असं पुस्तकात लिहिलंय ना, मग नाही उतरवायची. आणि त्या दिवशी धूर काही थांबेना. डांबरगोळीचा वास गेला, बाकीच्यांच्या बश्या थंड झाल्या, तरी माझ्या बशीतून पांढरा दाट धूर येतच होता. विनीत म्हणाला, "क्या पका रही है, बिर्याणी?" मी फनेल खरवडून परत ठेवलं आणि आच वाढवली.

वजनं केली. वाळू एकोणचाळीस पूर्णांक सहा टक्के, म्हणजे छान. फनेलवरचं पांढरं सव्वीस पूर्णांक आठ. आणि मीठ तीस पूर्णांक आठ. डांबरगोळी वाढली होती आणि मीठ कमी झालं होतं.

केमिस्ट्रीच्या जिज्ञासा मॅडमनी माझं जर्नल बघितलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. या मॅडम बोलायला लागल्या की मुलं खिडकीबाहेर बघतात. त्या म्हणाल्या की बाकीच्यांचं निदान मीठ तरी जागेवर आहे, तुझं कुठे फिरायला गेलं? मी म्हटलं, मी सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. त्या म्हणाल्या, मग पुस्तक चुकलं असेल. माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हटलं, "मॅडम, मीठ उडत नाही. माझं उडालं. मी खोटं लिहू का?"

मला वाटलं, आता बाहेर काढतात. पण मॅडमनी माझी उरलेली पुडी मागितली. त्यातलं नुसतं मीठ, दुसरं काही न घालता, नव्या बशीत घेतलं, वजन केलं आणि आचेवर ठेवलं. वर नवं फनेल. नुसत्या मिठाचं काय होणार, ते तडतडणार आणि बसून राहणार. पण थोड्या वेळाने फनेलच्या आत पांढरा धूर भरला आणि काचेवर बर्फासारखा थर जमायला लागला. बशी थंड झाल्यावर परत वजन केलं. शंभर भागांतले बावीस भाग मीठ उडून गेलं होतं.

त्यांनी तो काचेवरचा पांढरा थर खरवडून एका नळीत घेतला, त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून कोमट केलं आणि तोंडाशी ओला लाल लिटमस धरला. तो निळा झाला. वास माझ्यापर्यंत आला आणि डोळ्यांत पाणी आलं. सार्वजनिक मुतारीत उन्हाळ्यात येतो तो वास, अमोनियाचा.

मॅडम नळी खाली ठेवून म्हणाल्या, "अमोनियम क्लोराइड आहे हे. नवसागर. हे मीठ तू कुठून आणलंस?"

मी म्हटलं, घरून.

"घरी सगळे हेच खातात?"

मला हो म्हणता येईना. मॅडमचा आवाज एकदम बदलला होता, आणि त्यांनी मला स्टुलावर बसवलं. त्यांनी विचारलं, घरात कुणी आजारी आहे का? कुणाला उलट्या, गुंगी, असं काही? लिव्हरचा त्रास कुणाला आहे? त्या एकेक विचारत होत्या आणि मला एकेका प्रश्नाबरोबर आजी दिसत होती. मॅडम सांगत होत्या की धडधाकट माणूस एवढ्याने फार तर पोट बिघडून घेईल, पण लिव्हर अधू असेल तर हे शरीराबाहेर टाकता येत नाही, रक्तात साठतं, मेंदूपर्यंत जातं. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो. हात थरथरतात. आपलीच माणसं ओळखू येत नाहीत.

मला फक्त एकच गोष्ट कळत होती. आजी खरं बोलत होती. ती गेले चार महिने ओरडून सांगत होती की मला या घरात विष घालतात, आणि आम्ही तिला वेडी ठरवून आश्रमात टाकलं होतं.

मी घरी कशी आले ते आठवत नाही. मम्मी-पप्पा दोघंही आले होते. पप्पा, राजेंद्र, उल्हासनगरला एका गॅरेजमध्ये रेडिएटरची कामं करतात. गाड्यांचे गळके रेडिएटर झाळून, म्हणजे कथलाने सांधून देणं हा त्यांचा धंदा. मी ओट्यावरची मिठाची बरणी आणून त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं की यातले शंभरात बावीस भाग मीठच नाहीत. पप्पांना वाटलं, मी अजून भांडायच्याच मूडमध्ये आहे. ते चिडून म्हणाले की आता मिठावरून सुरू झालं का तुझं?

मी नवसागर हा शब्द उच्चारला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बरणीत बोट बुडवून जिभेवर ठेवलं. एक क्षणही लागला नाही. ते बेसिनकडे धावले, थुंकले, नळाखाली तोंड धरून उभे राहिले. मग तसेच ओल्या तोंडाने म्हणाले, "हा आमच्या गॅरेजमधला आहे. कात्या घासायला वापरतो आम्ही." झाळायची कात, म्हणजे सोल्डरिंगचं लोखंड, तापवून नवसागरावर घासली की स्वच्छ होते, हे मी लहानपणापासून बघत आले होते. तो धूरही मी बघितला होता. दुपारी लॅबमध्ये मला तो ओळखता आला नाही.

पण तो मिठात कसा आला? पप्पा मम्मीकडे बघायला लागले, आणि मी खरं सांगते, त्या एका क्षणात माझ्याही मनात जे आलं त्याची मला अजून भीती वाटते. मम्मीनेच उत्तर दिलं. ती जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून, आणि एखादा दुसराच माणूस बोलतोय असं बोलत होती.

उल्हासनगरची खोली सोडायच्या दिवशी टेम्पो खाली उभा होता. सगळं सामान खाली गेलं होतं. नव्या घरात आधी मीठ न्यायचं असतं, आणि मिठाचं भांडं कधी रिकामं करायचं नसतं, रिकामं न्यायचं तर मुळीच नाही. आम्ही बौद्ध. शकुन-अपशकुन मानायचे नाहीत, हे पप्पांनी मला लहानपणापासून शिकवलेलं. नव्या घरातही आम्ही भंतेजींना बोलावून वंदना केली, बाकी काही नाही. पण मिठाच्या भांड्यापुढे सगळ्यांचीच अक्कल गहाण पडते. आजी उंबऱ्यात उभी राहिली होती, रिकामा डबा घेऊन मी निघणार नाही म्हणून. डब्याच्या तळाशी चिमूटभर मीठ होतं. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मम्मीला ओट्याखाली पांढऱ्या पुडीची गाठ मारलेली पिशवी दिसली. पप्पांनी बंबाची तोटी झाळायला म्हणून कधीतरी गॅरेजमधून आणून ठेवली होती. तिला वाटलं, जाडं मीठ. तिने पिशवी डब्यात पालथी केली आणि झाकण लावलं. इथे आल्यावर त्याच्यावरच दोन पुडे मीठ ओतलं, आणि ओट्यावरची बरणी त्या डब्यातूनच भरायची. डबा संपत आला की परत वरून ओतलं. तो पूर्ण रिकामा करून धुवायचा नसतोच, त्यामुळे तळाशी काय आहे ते आजपर्यंत कुणी बघितलं नव्हतं.

"मीच घातलं," मम्मी म्हणाली. "आत्या खरं बोलत होत्या. मीच घातलं."

पप्पा तिला समजवायला गेले तर तिने त्यांचा हात झटकला. ती म्हणत होती की आपण सगळेच तर खात होतो, मग त्यांनाच का? आणि मग तिचं तिलाच उमगलं. आम्ही तिघं खातो ते आमटी-भाजीतलं मीठ. आजीला मात्र जुन्या वळणाने ताटाच्या डाव्या बाजूला मीठ वाढलेलं लागायचं. भाकरी, हिरवी मिरची आणि मिठाची चिमूट, एक चिमूट संपली की दुसरी. कच्चं मीठ त्या घरात फक्त तिच्या जिभेला लागत होतं. ते वाढायची मम्मी.

मला मागच्या महिन्यातली भजी आठवली. पप्पांचे मित्र आले होते. मम्मीने खायचा सोडा घालून भज्यांचं पीठ भिजवलं, आणि तळताना घरभर लॅबमधल्या त्या नळीसारखा असा वास सुटला की पाहुण्यांनी रुमाल काढले. आम्ही बिल्डिंगच्या ड्रेनेजला शिव्या घातल्या होत्या. पप्पांनी सोसायटीत कम्प्लेंट केली होती आणि प्लंबर येऊन दोनशे रुपये घेऊन गेला होता. आजी मात्र तेव्हा म्हणाली होती की वास कढईतून येतोय, आणि आम्ही हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मोठ्या डब्यातलं मीठ तीन पुड्यांत घेतलं, वरचं, मधलं आणि तळाचं, आणि जिज्ञासा मॅडमकडे गेले. त्यांनी दुसरा वर्ग थांबवून मला बर्नर दिला. तेच तापवणं, तीच वजनं, तोच भागाकार. वरचं नऊ टक्के. मधलं सत्तावीस. तळाचं त्रेसष्ट. मॅडमनी तो आकडा स्वतः परत तपासला. मग म्हणाल्या की डबा जितका खाली जाईल तितकं हे वाढत जाणार होतं. तुझ्या आजीला अजून महिनाभर घरी ठेवलं असतं तर. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही, आणि मी ते पूर्ण करायला सांगितलंही नाही. म्हणजे ज्या रविवारासाठी मी पप्पांशी बोलत नव्हते, त्याच रविवारने ती वाचली होती. मला काय वाटायला हवं तेच कळेना.

कॉलेजमधून मी थेट उल्हासनगरला गेले. मम्मी-पप्पा तिथे आजीचं लिव्हर माहीत असलेल्या जुन्या डॉक्टरांकडे आले होते. त्यांनी माझे आकडे बघितले, कपाळाला हात लावला आणि मॅडमनी सांगितलं होतं तेच सांगितलं. रक्त तपासा, औषध देतो, पण मूळ औषध म्हणजे ते मीठ बंद होणं, आणि ते तर झालंच आहे, असं म्हणाले. पप्पांनी विचारलं, म्हणजे ती पहिल्यासारखी होईल? डॉक्टर म्हणाले, बहुतेक झालीही असेल. पप्पा त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले.

शनिवारी आम्ही आजीला आणायला निघालो. मम्मीने तिची गादी उन्हात टाकली होती, नवीन डबा आणला होता, नवीन मीठ. डॉक्टरांनी मीठ बेतानेच द्यायला सांगितलं होतं. रिक्षात आम्ही तिघं मागे बसलो, आणि येताना पप्पांनी पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचं असं ठरलं. पाण्याच्या प्लांटच्या पुढे आश्रमाचं फाटक आलं तेव्हा मम्मीने माझा हात घट्ट धरला.

आजी ओसरीवर बसून सुपात लसूण सोलत होती. तिच्याबरोबर तिथल्या स्वयंपाकीण इंदुबाई होत्या, आणि दोघींच्या गप्पा अशा रंगल्या होत्या की आम्ही येऊन उभे राहिलो तरी कळलं नाही. हात थरथरत नव्हते. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "प्रीते, परीक्षा कधी हाय तुझी?"

मी तिच्या गळ्यात पडले. इंदुबाई सांगत होत्या की पहिले तीन-चार दिवस म्हातारीने त्रास दिला, मग दिवसागणिक सुधारली, आता सगळ्या ओसरीचा हिशेब तिच्याकडे आहे. पप्पा तिच्या पायाशी बसले होते. मला वाटलं, सुटलो. झालं ते झालं, चार दिवसांत सगळं पहिल्यासारखं होईल.

आजीने मम्मीला जवळ बोलावलं. तिचा हात हातात घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाली की माया, म्या तुला लई वंगाळ बोलले. लोकांत तुझी अब्रू घालवली. म्हाताऱ्या माणसाचं डोकं फिरलं व्हतं, तू मनावर घेऊ नको. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती माफी मागत होती.

पप्पांनी मम्मीकडे बघितलं. मला कळलं ते काय सांगतायत. आजीला काही माहीत नव्हतं. मम्मीने नुसतं "जाऊ द्या आत्या" म्हटलं असतं, तर तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. रिक्षा बाहेर उभीच होती. एकदा मलाही वाटलं, नको बोलूस.

मम्मी म्हणाली, "आत्या, तुमचं डोकं फिरलं नव्हतं. मीठ खराब होतं. माझ्या हातून त्यात नवसागर पडला होता. तुम्ही खरं बोलत होता."

मग तिने सगळं सांगितलं. टेम्पो, पिशवी, डबा, माझं प्रॅक्टिकल. काही लपवलं नाही. आजी ऐकत राहिली. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग हळूहळू शांत झाला, आणि मला वाटलं, आता ती हसेल आणि म्हणेल, चला, घरी जाऊ. तिने विचारलं, हे कळलं कसं? मी म्हटलं, मी लॅबमध्ये तापवून बघितलं. पप्पांनी तर नुसतं जिभेला लावून ओळखलं.

"नुसतं जिभेला लावून," आजी म्हणाली.

इंदुबाई उठून आत गेल्या.

"मला वाटलं, म्या येडी झाले," आजी म्हणाली. "रात्रीची बसून म्या सोताला इचारायचे, चांगुणा, तू येडी झाली का गं? नखभर मीठ बी माझ्या जिभेला डसायचं, आन् म्या म्हणायचे, माझी जीभच येडी झाली असंल. चार महिने वरडत व्हते. तुम्ही तिघं माझ्या ताटाला ताट लावून बसायचा. येकानं, माझ्या पोरांनो, येकानं तरी हात लांब करून माझ्या ताटातलं मीठ चाखून बघायचं व्हतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. पप्पा म्हणाले, आई, चुकलं आमचं, चल, गादी घातलीय तुझी. आजीने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या गालावरून फिरवला. मम्मीला म्हणाली की तू खरं सांगितलंस, लई मोठ्या मनाची हाईस, तुझ्यावर माझा राग न्हाई. आणि मग लसणाचं सूप मांडीवर ओढून घेतलं.

"जावा आता तुम्ही," ती म्हणाली. "मला हितं बरं हाय. हितं म्या काय बोलले तर इंदू ऐकती."

पप्पांनी खूप समजावलं. मी रडले, भांडले, तिच्या पिशवीत तिचे कपडेही भरले, ते तिने परत काढून घडी घालून ठेवले. शेवटी रिक्षावाला आत बघायला आला, अजून किती वेळ म्हणून. आम्ही उठलो. ठरल्याप्रमाणे पप्पांना पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचं होतं, पण त्याची गरज पडली नाही.